दमणगंगेच्या काठानं : वीतभर मातीखाली (लेखांक ३)

२६ एप्रिल, सिल्वासा

सकाळीच नदीवर गेलो. दमणगंगा नाशिकच्या दिंडोरी तालुक्यात उगम पावते आणि दमणला समुद्राला मिळते. काठावरचा काळा कातळ पाहताना मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा आठवल्या. तिथं पावसाचं पाणी हवेतला, मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं आणि चुनखडी विरघळवत स्वतःची वाट कोरतं. इथला बेसॉल्ट म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो तसा विरघळत नाही. सापडेल त्या भेगेतूनच पाण्याला खाली उतरावं लागतं.

२७ एप्रिल, खानवेल

साकरतोड नदीपासून वर चढलो. खाली भाताची खाचरं, वर वरकस, म्हणजे उताराची हलकी जमीन. वरकसात काठी रोवली, तर वीतभर मातीखाली मुरूम लागला. एवढ्यावरच इथं नागली-वरई पिकते. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत डोंगराचं पोट उघडं पडलं होतं : माती, मुरूम, तडकलेला दगड आणि लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये विटेच्या रंगाचा चिकण पट्टा. भेगांतून झिरपलेलं पाणी या पट्ट्यावर अडतं, आडवं सरकतं आणि उतारावर बाहेर पडतं. झरा होतो तो असा. जाळीदार दगडात पुष्कळ पाणी मावेल असं वाटतं. पण त्याची कित्येक भोकं झिओलाइटसारख्या खनिजांनी बुजलेली असतात.

२८ एप्रिल, दुधनी

खाली मधुबन धरणाचा फुगवटा चकाकत होता. वर, कोरड्या ओहोळात, एक वारली मावशी झिऱ्यातून वाटीवाटीनं हंडा भरत होती.

"मावशी, पावसाळ्यात इथं किती पाणी असतं?"

"लय. पण राहत नाय, दादा."

वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, तोही चार महिन्यांत. मुरुमाची साठवण थोडी. ती भरली की उरलेलं पाणी उतारानं धावत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. चुनखडीच्या मुलखातही माती पातळच, तिथं पाणी बोगद्यांतून निसटतं. दोन्हीकडे पाण्याला थोपवणारी पहिली गोष्ट मातीच. म्हणून झाडाखालचा पाचोळा आणि शेताचा बांध मला इथं विहिरीइतकेच मोलाचे वाटतात. वाहून गेलेली वीतभर माती परत यायला हजारो वर्षं लागतात.

हंडा भरल्यावर मावशीनं झिऱ्यावर करंजाची फांदी ठेवली, वर दगड ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यात पुन्हा पाणी साचेल.

(क्रमशः)