दादा, ही गोष्ट नुसत्या जिद्दीची नाही

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१३ जुलै २०२५

प्रिय दादा,

तुझी फर्माईश वाचून हसू आलं. नव्या वर्षात कॉलेजच्या मुलींच्या कबड्डी संघापुढे बोलायचं आहे आणि त्यासाठी तुला इथल्या आइस हॉकीच्या मुलींची ‘स्फूर्तिदायक’ गोष्ट हवी आहे, तीही दहा मिनिटांत बसणारी. गोष्ट आहे. सिनेमात दाखवली तर लोक म्हणतील, जरा अतीच झालं. पण ‘जिद्द असली की सगळं होतं’ या ठरलेल्या चालीवर तू ती सांगणार असशील, तर माझं भांडण आहे. आधी गोष्ट ऐक, मग भांडू.

२३ मार्च, रविवार. मिनियापोलिसचं रिडर अरीना. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या महिला आइस हॉकीची राष्ट्रीय फायनल, आमची युनिव्हर्सिटी ऑफ विस्कॉन्सिन विरुद्ध ओहायो स्टेट. हे दोन संघ सलग तिसऱ्या वर्षी फायनलला समोरासमोर आले होते. २०२३ साली आम्ही १-० ने जिंकलो होतो. २०२४ साली त्यांनी परतफेड केली, तीही १-० नेच. त्यामुळे इथल्या लोकांना हा सामना खेळापेक्षा जुन्या हिशेबासारखा वाटत होता. मी घरीच टीव्हीसमोर होते, शेंगदाणे खात. शेवटची दोन मिनिटं उभ्यानेच पाहिली.

खेळ तुला कळावा म्हणून थोडक्यात सांगते. वीस-वीस मिनिटांचे तीन पीरियड, एका वेळी बर्फावर पाच खेळाडू आणि एक गोलकीपर. पळून पळून दम निघतो, म्हणून दर मिनिटभराने खेळाडू बदलतात, खेळ चालू असतानाच. पिछाडीवरचा संघ शेवटी शेवटी आपली गोलकीपर बाहेर बोलावतो आणि तिच्या जागी सहावी खेळाडू हल्ल्याला पाठवतो. आपला गोल सताड उघडा टाकून.

ओहायो स्टेट ३-२ ने पुढे होतं आणि घड्याळ संपत आलं होतं. त्यांच्या गोलसमोर एकच झुंबड उडाली, काठ्या, पाय, हातमोजे सगळं एकात एक. पंचांनी काही दिलं नाही. पण आमचे कोच मार्क जॉन्सन यांनी दाद मागितली. गोलसमोरच्या निळ्या पट्ट्यात ओहायोच्या खेळाडूने पक, म्हणजे चेंडूऐवजी असते ती चकती, हाताखाली झाकली, असं त्यांचं म्हणणं. प्रो कबड्डीत रिव्ह्यू मागतात तसाच प्रकार. पंचांनी पडद्यावर पुन्हा पुन्हा पाहिलं आणि विस्कॉन्सिनला पेनल्टी शॉट दिला. उरले होते १८.९ सेकंद.

पेनल्टी शॉट म्हणजे बाकी सगळ्यांनी बाजूला व्हायचं, मधून एकटीने पक घेऊन निघायचं आणि समोर एकटी गोलकीपर. कर्स्टन सिम्स गेली आणि तिने गोल केला. ३-३. जादा वेळ सुरू झाला आणि तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत पुन्हा सिम्सनेच गोल केला. ४-३. विस्कॉन्सिनचं आठवं राष्ट्रीय विजेतेपद. आणि ऐक, २०२३ च्या फायनलमधला तो एकुलता एक गोलही सिम्सचाच होता. तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती.

एवढं सांगितलंस तरी मुली टाळ्या वाजवतील. तुझी दहा मिनिटं झाली. आता माझं ऐक.

तो क्षण मी नंतर बऱ्याचदा पाहिला, आणि मला सिम्सपेक्षा जॉन्सन जास्त दिसायला लागले. पकवर हात पडला हे बाकावरून हेरणं, नियम काय सांगतो ते त्याच क्षणी आठवणं आणि ऐन फायनलमध्ये दाद मागणं. हे जिद्दीने येत नाही, वर्षानुवर्षं तेच काम केल्याने येतं. या माणसाने २००२ पासून मुलींचा हा संघ सांभाळला आहे. आठही विजेतेपदं त्यांच्याच काळातली, पहिलं २००६ चं. मधे २०१० साली ते अमेरिकेच्या महिला संघाला व्हँकुव्हर ऑलिम्पिकला घेऊन गेले, रौप्यपदक मिळवलं आणि पुन्हा इथे आले. पुरुषांच्या संघासाठी कुठेही मोठी नोकरी मिळाली असती असा माणूस आहे हा. १९८० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या कॉलेजकुमारांनी सोव्हिएत संघाला ४-३ ने हरवलं, ती गोष्ट तुला ठाऊक असेल. त्या सामन्यात जॉन्सन यांचे दोन गोल होते. त्यातला एक पहिल्या पीरियडचा फक्त एक सेकंद उरलेला असताना मारलेला! त्यानंतर रशियनांनी त्रेत्याकसारखा गोलकीपर बदलून टाकला होता. तेव्हा शेवटच्या सेकंदापर्यंत खेळ चालू असतो हे या गृहस्थांना कुणी शिकवायची गरज नव्हती. वडील बॉब जॉन्सन याच विद्यापीठाच्या पुरुष संघाचे नामांकित कोच. म्हणजे घराणंच आहे म्हण.

आता विचार कर, आपल्याकडे मुलींच्या संघाला एकच कोच सलग किती वर्षं मिळतो? ज्या शिक्षकाकडे तास कमी पडतात त्याच्या गळ्यात मुलींचा संघ घालायचा, ही पद्धत तूच मला सांगितली होतीस, आणि चिडून सांगितली होतीस.

दुसरं, हा मोसम शेवटच्या १९ सेकंदांत जिंकला असं वर्तमानपत्रांनी लिहिलं, ते खरं नाही. ४१ सामने, ३८ विजय, दोन बरोबरी आणि एकच हार. उपांत्य फेरीत मिनेसोटाला ६-२ ने हरवलं, आणि रिडर अरीना हे मिनेसोटाचंच घरचं मैदान, हे लक्षात घे. वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूला इथे पॅटी कॅझमायर पुरस्कार देतात. प्रिन्स्टनची ही खेळाडू अठ्ठाविसाव्या वर्षी रक्ताच्या दुर्मिळ आजाराने गेली, तिच्या नावाचा. यंदा त्याच्या शेवटच्या यादीत तीन नावं उरली ती तिन्ही विस्कॉन्सिनची, केसी ओब्रायन, लायला एडवर्ड्स आणि कॅरोलाइन हार्वी. पुरस्कार मिळाला ओब्रायनला. २६ गोल आणि ६२ असिस्ट. हा दुसरा आकडा मुलींना जरूर सांग. आपल्या गोलांच्या दुपटीहून जास्त वेळा तिने दुसरीच्या गोलाची वाट करून दिली.

ओब्रायनची गोष्ट तुला कुठेतरी सापडेलच, म्हणून मीच सांगते. शाळेत असताना तिला हाडांचा कर्करोग झाला. तो पुन्हा उलटलाही. आता हॉकी विसर, असं तिला सांगण्यात आलं होतं. ती खेळली, आणि देशातली सर्वोत्तम ठरली. इथे मी जिद्दीला हात जोडते. पण तू हीच गोष्ट पुढे करशील आणि बाकीचं गाळशील अशी मला भीती आहे. कारण एका मुलीची जिद्द सांगायला काही खर्च येत नाही. बर्फाला येतो.

बर्फाचं सांगते. इथे हिवाळ्यात मेंडोटा सरोवर गोठतं, पोरं त्यावर खेळतात. पण सरोवरावर संघ घडत नाही. मुलींच्या संघासाठी विद्यापीठाने २०१२ साली लाबान अरीना बांधलं. तिथे २,२७३ माणसं बसतात. फार मोठं नाही, पण ते त्यांचं आहे. बर्फ गुळगुळीत करणारं ते झँबोनी यंत्र फिरून गेलं की मुली उतरतात. मी तिथे जाते ती मुख्यतः गर्दी बघायला. आजोबा, शाळेच्या मुली, युनिफॉर्ममधला एखादा बसड्रायव्हर. हौसेने नाही, सवयीने आलेली माणसं. २०१७ च्या जानेवारीत एकदा सामना शेजारच्या मोठ्या कोल सेंटरमध्ये घेतला, तर १५ हजारांवर लोक आले. मुलींचा खेळ बघायला कोण येतं, असं तुझे प्राचार्य म्हणतात ना? बघायला जागा असेल आणि वेळ धड असेल तर येतात.

हे सगळं चांगुलपणातून झालं असंही समजू नकोस. १९७२ साली इथे कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असा. त्यात खेळ आले. संस्थांनी बरीच वर्षं कुरकुर केली, पळवाटा शोधल्या, खटले झाले. विस्कॉन्सिनमध्ये मुलींच्या हॉकीला विद्यापीठाच्या अधिकृत संघाचा दर्जा मिळाला तो १९९९ साली, म्हणजे कायद्यानंतर सत्तावीस वर्षांनी! त्याच्या आदल्या वर्षी नागानोला महिला आइस हॉकी पहिल्यांदा ऑलिम्पिकमध्ये आली होती आणि अमेरिकेने सुवर्ण जिंकलं होतं. राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धा सुरू व्हायला २००१ उजाडलं. यंदापर्यंत एका संघामागे अठरा शिष्यवृत्त्यांची मुभा होती.

आणि एकटं विस्कॉन्सिन मोठं होऊन भागलं नसतं. ओहायो स्टेटच्या कोच नादीन म्युझरॉल २०१६ मध्ये आल्या, २०२२ आणि २०२४ अशी दोन विजेतेपदं मिळवली. त्यांनी आमच्या मुलींना जे रडवलं, त्याचंच हे फळ आहे असं मला वाटतं. तोडीस तोड कुणी नसतं तर ४१ सामने नुसते गोल मोजण्यात गेले असते, आणि शेवटच्या १९ सेकंदांत हात थरथरले असते.

आता इथलं दुखणंही लिहिते, नाहीतर म्हणशील बहीण अमेरिकेची जाहिरात करते. हा पैसेवाल्यांचा खेळ आहे. स्केट्स, काठ्या, पॅड, रिंकचं भाडं, लांबलांबचे प्रवास, सगळं आईबापांच्या खिशातून, तेही लहानपणापासून. म्हणून बर्फावर बहुतेक चेहरे गोरेच दिसतात. लायला एडवर्ड्स २०२३ साली अमेरिकेच्या वरिष्ठ महिला संघातून खेळणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू ठरली. पुढच्याच वर्षी जागतिक स्पर्धेत ती सर्वोत्तम खेळाडू होती. एवढ्या गुणाच्या मुलीच्या नावापुढे २०२३ साली ‘पहिली’ लिहावं लागतं, यात कौतुक कमी आणि लाज जास्त आहे.

शिकून झाल्यावर पुढे काय, याचं उत्तरही अगदी परवापर्यंत धड नव्हतं. महिलांची सध्याची व्यावसायिक लीग जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या मोसमात किमान पगार होता ३५ हजार डॉलर, इथल्या भाड्याच्या मानाने बेताचाच. गेल्या महिन्यात त्या लीगच्या निवडीत ओब्रायन तिसरी गेली, न्यूयॉर्कच्या संघाकडे. त्याच महिन्यात कोर्टाने एक मोठी तडजोड मंजूर केली. विद्यापीठं आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतील, एका विद्यापीठाचे सगळे मिळून वर्षाला साधारण दोन कोटी डॉलरपर्यंत. त्यातला किती फुटबॉलवाल्या मुलांकडे जाईल आणि किती या मुलींकडे, हे सांगायला ज्योतिषी नको. जे पन्नास वर्षांत मिळवलं ते टिकवायला पुन्हा भांडावं लागेल अशी माझी खात्री आहे.

आणि तुझ्या मुलींना अमेरिका फार लांबची वाटली तर लडाखचं सांग. आपल्या देशाच्या महिला आइस हॉकी संघाने गेल्या महिन्यात अमिरातीत अल ऐनला आशिया कपचं कांस्य जिंकलं, या संघाचं पहिलंच पदक. त्यात बहुतेक मुली लडाखच्या. त्या लेहच्या गोठलेल्या तळ्यावर शिकल्या, आणि तो बर्फ वर्षातून जेमतेम दोनेक महिने टिकतो. बातमी आली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्या जिद्दीचं कौतुक केलं. मला मात्र वाटत होतं, या मुलींना बाराही महिने बर्फ मिळाला असता तर आज त्या कुठे असत्या? जिद्द तर दोन्हीकडच्या मुलींत सारखीच आहे. फरक तासांचा आहे.

कबड्डीला तर बर्फही लागत नाही. मैदान, चांगली माती किंवा मॅट, दिवे, कपडे बदलायला बंद दाराची खोली आणि अंधार पडल्यावर घरी पोचवणारी गाडी. मागे तू लिहिलं होतंस की मुलींना दुपारी एकचा तास मिळतो, कारण संध्याकाळी मैदान मुलांचं असतं. पलीकडच्या गावांतल्या मुलींची शेवटची एसटी लवकर सुटते, हे कारण मला ठाऊक आहे. पण मग गाडीची सोय करायची, तास हलवायचा नाही. दुपारी एकच्या उन्हात कोण चढाई करणार?

तेव्हा भाषण कर, सिम्सचे दोन्ही गोल रंगवून सांग, माझी काही हरकत नाही. पण क्रीडा विभागाचं वेळापत्रक या महिन्यात तूच करणार आहेस. कागद पुढ्यात घेशील तेव्हा संध्याकाळी पाचच्या रकान्यात सगळ्यात आधी मुलींचा संघ लिही, आठवड्यातून निदान तीन दिवस. मग बाकीच्यांचं बघ. प्राचार्यांनी विचारलं तर माझं हे पत्र दाखव, आणि त्यांनी काय उत्तर दिलं ते मला कळव.

वहिनीला नमस्कार. पाऊस कसा आहे तेही लिही.

तुझी,
छोटी