रिलेची जुळणी

साहित्याची उठाठेव करणाऱ्या माणसानें यंत्रांविषयीं लिहूं नये असा एक अलिखित संकेत आमच्या वर्गांत रूढ आहे, आणि तो बव्हंशीं हितकारकहि आहे. तथापि ज्या यंत्रावयवाविषयीं आज चार शब्द लिहिण्याचें आम्हीं मनांत आणिलें आहे, त्याचें नांव मुळीं यंत्रशाळेंतून आलेलेंच नाहीं. ‘रिले’ हा शब्द प्रवासांतला. लांबच्या वाटेवर दमलेला घोडा सोडून ताजा जोडण्याची जी सोय असे तिला इंग्रजींत हें नांव होतें. आपण टप्प्याचे घोडे म्हणतों. तारायंत्राच्या आरंभकाळीं असें आढळलें कीं, दूर जातां जातां विद्युत्प्रवाह क्षीण होतो. तेव्हां त्या क्षीण प्रवाहानें केवळ एक हलकी लोखंडी पट्टी हलवावी, आणि त्या पट्टीनें तेथल्या ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढें सोडावा, अशी युक्ति निघाली. घोडा बदलला, निरोप तोच राहिला.

आमचें रोहिणखेड घाटाच्या पायथ्याशीं, जुन्या वाटेवर वसलेलें आहे. इ. स. १४३७ त बहामनी सरदार खलफ हसन बसरी ह्यानें खानदेशच्या नासिरखान फारुकीस येथेंच पराभूत केलें. अशा वाटेवरच्या गांवास टप्पा म्हणजे काय हें समजावून द्यावें लागत नाहीं. ह्याच गांवचे आमचे धाकटे चुलते दूरध्वनिखात्यांत लागले, आणि उमेदीचीं अठरा वर्षें त्यांनीं जिल्ह्यांतील एका लहानशा स्वयंचलित केंद्रांत रिले जुळविण्यांत घालविलीं. तें केंद्र स्ट्राउजर पद्धतीचें होतें. ही पद्धति काढणारा आल्मन स्ट्राउजर अमेरिकेंत अंत्यसंस्काराचें साहित्य पुरविण्याचा धंदा करीत असे. त्याचें पेटंट १८९१ चें. आपल्याकडे बंगलोरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज ह्या १९४८ त निघालेल्या कारखान्यांत हीं यंत्रें होत असत.

मृदु लोखंडाचा गाभा, त्याभोंवतीं तांब्याच्या तारेचें वेटोळें, समोर टेकूवर झुलणारी लोखंडी पट्टी, आणि त्या पट्टीनें उचलल्या जाणाऱ्या लांबट स्प्रिंगा. स्प्रिंगेचें टोक दुभंगून त्यावर दोन ठिपके बसविलेले असत, कीं एकाखालीं धुळीचा कण आला तरी दुसऱ्यानें काम चालावें. प्रवाह आला कीं गाभा चुंबक होतो, पट्टी ओढली जाते आणि ठिपके जुळतात. प्रवाह गेला कीं स्प्रिंगा पट्टीस परत लोटतात. एवढें शाळेच्या पुस्तकांत सांपडतें. परंतु मृदु लोखंडहि प्रवाह गेल्यावर आपलें चुंबकत्व पुरतें टाकीत नाहीं, हें कारागिरास रोज भोगावें लागतें. पट्टी गाभ्यास अगदीं भिडली तर ती सुटेनाशी होते. मग ‘रिले चिकटला’ म्हणतात. म्हणून दोहोंमध्यें अचुंबकीय धातूचा एक बारीक खुंट ठेवून कांहीं सहस्रांश इंचाचें अंतर राखावयाचें. प्रथम हें अंतर, मग पट्टीची चाल, मग एकेका स्प्रिंगेचा ताण, मग ठिपक्यांमधली फट. क्रम उलटला कीं सारें काम पुनः पहिल्यापासून. ताण ग्रॅमांत मोजावयाचा, फट पोलादी पात्यांच्या जुडग्यानें. स्प्रिंग वाकवावयाची ती मुळापाशीं, टोकाशीं नव्हे.

आणि एवढें झालें म्हणजे परीक्षा. अमुक प्रवाहास रिलेनें उचललेंच पाहिजे. त्याहून थोड्या कमी प्रवाहास उचलतां कामा नये. उचलल्यावर अमुक प्रवाहापर्यंत धरून राहिलें पाहिजे. त्याच्याहि खालीं गेल्यावर सोडलें पाहिजे. नवशिका पहिल्या अटीपुरतेंच पाहतो. स्प्रिंगा सैल करून तो रिले चपळ करतो आणि खूष होतो. पुढें पावसाळ्यांत तारेवरून गळणाऱ्या प्रवाहासहि तो रिले उठूं लागतो, आणि कोणीं हाक मारिली नसतां केंद्र जागें होतें. काळवंडलेले ठिपके पाहून कानशीस हात घालणाऱ्या उमेदवारास काका एवढेंच म्हणत, “घासू नको बापा, नुसतं पूस.” कानशीनें काळेपणा जातो खरा, पण त्याबरोबर ठिपक्यावरची चांदीहि जाते.

आम्हांस सर्वांत मौज वाटली ती विलंबी रिलेची. तबकडी फिरविली कीं ती परत येतांना सेकंदास सुमारें दहा या गतीनें प्रवाह तोडते. आठ आंकडा असेल तर आठ वेळां. प्रत्येक खंड सेकंदाच्या पंधराव्या भागाएवढा. आतां केंद्रास हें कसें कळावें कीं हा आंकड्याच्या पोटांतला खंड आहे, बोलणाऱ्यानें फोन खालीं ठेवलेला नाहीं? त्यासाठीं एक रिले प्रत्येक खंडाबरोबर पडतो आणि उठतो, व दुसरा शेजारीं तसाच धरून राहतो. ह्या दुसऱ्याच्या गाभ्यावर तांब्याचें जाड कडें असतें; प्रवाह तुटतांच त्या कड्यांत जो प्रवाह उपजतो तो गाभ्याचें चुंबकत्व एकदम मरूं देत नाहीं. खंड लांबला तरच हा रिले सुटतो, आणि मग संभाषण संपलें असें केंद्र समजतें. ह्याच्या स्प्रिंगा किंचित् ताठ राहिल्या तर आंकडा पुरा होण्याच्या आधींच तार तुटावयाची. सैल राहिल्या तर फोन ठेवल्यावरहि तार अडून राहावयाची. श्वास घेण्यासाठीं थांबलेला वक्ता आणि बोलणें संपविलेला वक्ता ह्यांतला भेद आमच्या कित्येक सभासंचालकांस साधत नाहीं. तांब्याचें कडें तो साधतें.

रेल्वेचा न्याय वेगळा. रुळांतून मंद प्रवाह खेळवून त्यावर रिले धरून ठेवण्याची युक्ति अमेरिकेंत विल्यम रॉबिन्सन ह्यानें १८७२ त बसविली. गाडी रुळांवर आली कीं तिचीं चाकें तो प्रवाह मध्येंच वळवितात, रिले आपल्या भारानें पडतो आणि सिग्नल लाल होतो. तार तुटली, बॅटरी संपली, तरीहि तो पडतोच. ठिपके एकमेकांस वितळून चिकटूं नयेत म्हणून एक बाजू धातूची तर दुसरी कार्बनची. मात्र हा रिले मोहोरबंद असतो. स्थानकावरच्या माणसानें तो उघडावयाचा नाहीं. ठराविक मुदतीनें तो कारखान्यांत जातो. दूरध्वनींत जें कारागिराच्या हातावर सोपविलें तें येथें त्याच्या हातून काढून घेतलें आहे. चुकीची किंमत एक फुकट गेलेला फोन नसून माणसांनीं भरलेली गाडी असते, तेथें हें योग्यच म्हटलें पाहिजे. १७ जून २०१५ रोजीं इटारसीचें रिले-केंद्र आगींत सांपडलें, तेव्हां शेंकडों गाड्या रद्द झाल्या आणि घडी बसावयास महिन्याहून अधिक काळ लागला. इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आल्या आहेत. तरी त्यांच्या आणि सिग्नलाच्या मध्यें बहुधा रिले असतोच.

दूरध्वनींतून मात्र तो गेला. सी-डॉट ही संस्था १९८४ त निघाली, तिचें पहिलें ग्रामीण केंद्र १९८६ त कर्नाटकांतील कित्तूर येथें सुरूं झालें, आणि पुढें काकांच्या केंद्रांतहि एक लहानसें कपाट आलें, ज्यांत वाकविण्याजोगें कांहीं नव्हतें. गांवोगांव फोन पोंचले तो ह्या कपाटांमुळें, आणि त्याविषयीं तक्रार करणें कृतघ्नपणाचें होईल. जुनें यंत्र भंगारांत गेलें. काका बिलांच्या खिडकीवर बसूं लागले. घरांत आमच्या पदवीस विद्या म्हणत आणि त्यांच्या कामास नोकरी. ही वांटणी आम्हांस कधींच पटली नाहीं. दोन ग्रॅमांचा फरक बोटानें ओळखणें ही कोणत्या अर्थानें कमी प्रतीची विद्या?

गेलीं दोन वर्षें सुटींत रोहिणखेडास जाऊन आम्ही त्यांच्या सांगण्यावरून हें काम मराठींत लिहून घेत आहों. ह्या विषयावरचीं पुस्तकें जीं आम्हांस मिळालीं तीं इंग्रजी. कारागिरांची बोलण्याची भाषा मात्र मराठी होती, आणि उचलणें, धरणें, सोडणें, चिकटणें हे तिच्यांतले शब्द कोणत्याहि परिभाषाकोशापेक्षां बिनचूक आहेत. काकांचें वय आतां अठ्ठ्याहत्तर आहे आणि उजवा हात कांपतो. त्यांनीं जपून ठेविलेला एक रिले समोर घेऊन ते सांगतात, स्प्रिंग आम्ही वाकवितों, ते मापकाकडे न पाहतां ‘जास्त झालं’ म्हणतात, आणि मापक बहुधा त्यांच्याच बाजूनें कौल देतो. वहीचीं साठ पानें झालीं आहेत. विलंबी रिलेचें प्रकरण अपुरें आहे. तें दिवाळीच्या सुटींत घ्यावयाचें ठरलें आहे.