सासूबाईंचं भिंग आणि माझी नवी लिपस्टिक



फाल्गुनात आमच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या. एक अष्टाह्निका पर्व, आणि दुसरी म्हणजे पुण्याला शिकणारी लेक होळीच्या सुट्टीत ‘स्प्रिंग लाँच’ची पिशवी घेऊन घरी येणं. नव्या लिपस्टिक, नवं सिरम, नवं सनस्क्रीन. खोक्यांवर फिकी गुलाबी फुलं आणि कुठल्याशा थंड देशातल्या झाडाच्या फांद्या. आपल्या संभाजीनगरात तेव्हा पळस फुलून गळायला लागलेला असतो, रसवंत्यांचे घुंगरू वाजायला लागलेले असतात आणि दुपारी बारानंतर गुलमंडीत पाय टाकवत नाही. वसंत कसला, थेट उन्हाळाच. पण नवीन वस्तूचा मोह मला आहे, हे आधीच कबूल करते. वैशाखात पुतणीचं लग्न, म्हणजे कारणही होतं.

दरवर्षी मी तुम्हाला सांगते, काय घ्यावं आणि काय घेऊ नये. यंदाही सांगणार आहे. पण आधी माझ्या हातून काय झालं ते सांगते.

गेल्या वर्षीच्या अष्टाह्निकेतली गोष्ट. सासूबाईंचं वय अठ्ठ्याहत्तर, आठही दिवस एकाशन. एकदा बसून जेवायचं, तेव्हाच पाणी प्यायचं, मग दुसऱ्या दिवसापर्यंत काही नाही. आपल्याकडची कोरडी हवा, त्यात हे. तिसऱ्या दिवशी त्यांचे ओठ फुटून रक्त यायला लागलं. एरवी त्या साजूक तूप लावतात. पण एकाशनात तूप ओठाला लावलं की तोंडात जाणारच, म्हणून तेही बंद. मला बघवेना. माझ्याकडे नवीन आलेली लिपबामची एक नळी होती. तिच्यावर हिरवं पान काढलेलं होतं, खाली ‘नैसर्गिक’ असं लिहिलेलं होतं. मी ती त्यांच्या हातात दिली.

त्या म्हणाल्या, “यात काय आहे?”

मी म्हटलं, “आई, हे खायचं नसतं, नुसतं लावायचं असतं.”

माझ्यावर विश्वास ठेवून त्यांनी ती लावली. दोन दिवसांत ओठ भरून आले. मग ती नळी जपमाळेच्या शेजारी कायमची बसली. संपली की मी दुसरी आणायची. वर्षभर. यंदाच्या अष्टाह्निकेतही.

पौर्णिमेला लेक आली. पिशवीतलं एकेक काढून खोक्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचणं हा तिचा नवा छंद. वाचता वाचता तिनं आजीची नळी सहज उचलली, उलटी केली, आणि गप्प झाली. मग मला स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, “मम्मी, यात सेरा अल्बा आहे. आणि मेलसुद्धा.”

सेरा अल्बा म्हणजे मधमाश्यांचं मेण. आणि मेल म्हणजे मध. लॅटिन शब्द आहे, म्हणून डोळ्यांखालून जातो. मैत्रिणींनो, मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग आपल्या मूलगुणांतला. लहानपणी पाठशाळेत पहिल्यांदा हेच शिकवतात. सासूबाईंनी आयुष्यात खोकल्याच्या औषधातलासुद्धा मध घेतलेला नाही. आणि एकाशनाच्या दिवशी, ज्या ओठांना त्यांनी तूप लागू दिलं नाही, त्या ओठांना मी मध लावला होता. पानाच्या हिरव्या चित्राला मी हिरवा ठिपका समजले होते.

आता हे सांगायचं कसं? आमचे हे म्हणाले, “नकळत झालं. आता सांगून त्यांना त्रासच होणार.” लेक म्हणाली, “सांगायलाच पाहिजे.” मी दोघांचंही ऐकलं नाही. मी दुसऱ्या कंपनीची, नीट वाचून आणलेली नळी जुनीच्या जागी गुपचूप ठेवून दिली. म्हणजे चूक एक होती, त्यात मायाचाराची भर घातली. दोन दिवस मी सासूबाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी सामायिक झाल्यावर त्यांनी हाक मारली. “याचा वास वेगळा आहे. का बदललंस?”

मग सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “किती दिवस?” मी म्हटलं, “वर्ष झालं.” त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, णमोकार चालला होता. ते फुटलेले, भरून आलेले ओठ मला तेव्हा पाहवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या माताजींकडे जाऊन आल्या. चतुर्दशीला निर्जळा उपवास धरला. मी म्हटलं, चूक माझी आहे, मीही करते. त्या म्हणाल्या, “तू उपवास करू नकोस. भूक तुला सोसते. वाचायचा तुला कंटाळा आहे. तू वाच.” आणि पोथी वाचायचं त्यांचं पितळी मुठीचं भिंग माझ्यापुढे सरकवलं.

तर यंदाच्या पिशवीतल्या आठ वस्तू मी त्या भिंगातून वाचल्या. जमिनीवर चटई टाकून, शेजारी सासूबाई, समोर लेक फोन घेऊन. कळलं ते असं.

सगळ्यात आधी लिप टिंट. पळसाच्या फुलासारखा रंग, बघताक्षणी मला आवडलेला. यादीच्या शेवटी ‘कार्माईन, सीआय ७५४७०’. हा रंग मेक्सिको आणि पेरूकडे निवडुंगावर राहणाऱ्या कोचिनील नावाच्या किड्यांच्या माद्या सुकवून काढतात. अर्धा किलोसाठी सुमारे ७०,००० किडे लागतात असं सांगतात. सासूबाईंनी आकडा दोनदा विचारला. लेकीनं आणखी एक शोधून काढलं. १७९५ च्या सुमाराला ईस्ट इंडिया कंपनीनं हाच धंदा आपल्या देशात सुरू करायला किडे आणले, पण ते चुकीच्या जातीचे निघाले. रंग काही धड मिळाला नाही, रानातला निवडुंग मात्र त्यांनी खाऊन टाकला. टिंट परत खोक्यात गेला. यातली गंमत अशी, की माझ्याकडची पैठण गेटजवळच्या दुकानातून घेतलेली स्वस्तातली लाल लिपस्टिक पाहिली, तर तिच्यात कारखान्यात बनवलेला रंग आणि लोहाचे ऑक्साईड. किडा नाही. महाग ते शुद्ध, हा माझा समज तिथंच सुटला. लाल रंग घेताना ७५४७० हा आकडा मात्र आता मी दुकानातच शोधते.

सिरमवर ‘स्नेल’ असं समोरच लिहिलेलं, ते उघडलंही नाही. गोगलगाय शंखाच्या जातीची, म्हणजे दोन इंद्रियांची. कंपन्या म्हणतात तिला मारत नाहीत, नुसता चिकटा गोळा करतात. असेल. पण तिला चिकटा कधी सुटतो हे ज्यानं पावसाळ्यात पाहिलंय, त्याला ते पटणार नाही. यंदा फार गाजावाजा चाललाय ते पीडीआरएनवालं क्रीम तर चक्क सामन माशाच्या डीएनएचं. काहींमध्ये ते वनस्पतींपासूनही काढतात म्हणे, पण आमच्या खोक्यावर ‘सामन’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं. चमचमत्या नेलपॉलिशमध्ये ग्वानीन, म्हणजे माशांच्या खवल्यांतून काढलेली चमक. मस्कऱ्यात पुन्हा आपलं सेरा अल्बा, आणि जोडीला शेलॅक, म्हणजे लाखेच्या किड्यांची लाख.

मॉइश्चरायझर अडकलं ते ग्लिसरीनवर. ते तेलातूनही निघतं आणि चरबीतूनही, आणि पाकिटावर नुसतं ‘ग्लिसरीन’ लिहितात. स्टिअरिक ॲसिडचंही तेच. लेकीनं कंपनीला मेल केला, चार दिवसांनी उत्तर आलं की पामतेलातलं आहे. म्हणून ठेवलं. त्यातच हायलुरॉनिक ॲसिड होतं. ते पूर्वी कोंबड्याच्या तुऱ्यातून काढायचे, आता बहुतेक जिवाणू वाढवून करतात. लेक खट्याळपणे म्हणाली, “मग आजी, जिवाणूंचं काय?” सासूबाई म्हणाल्या, “दही लावतेस तेव्हा विचारतेस का? आधी त्रस जीव तर वाचव, मग स्थावरांचं बोलू.”

आता तुमच्यातल्या काही विचारतील, ‘क्रुएल्टी फ्री’ लिहिलेलं असतं त्याचं काय? त्याचा अर्थ एवढाच, की प्राण्यांवर चाचणी केलेली नाही. आपल्या देशात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे, त्याच वर्षी अशी चाचणी केलेला बाहेरचा माल आणायलाही बंदी आली. पण आत मध किंवा किडा नाही असं ते शब्द सांगत नाहीत. त्यासाठी ‘व्हीगन’ हा शब्द हवा, आणि तोही यादीशी ताडून पाहावा. तेव्हाच्या खायच्या पाकिटांवरचा हिरवा आणि तपकिरी ठिपका सौंदर्यप्रसाधनांवरही हवा असा नियम २०१४ सालीच निघाला होता. कंपन्या कोर्टात गेल्या, तो टिकला नाही. आज ठिपका लावणं त्यांच्या मर्जीवर आहे. मला विचाराल तर हा नियम परत यावा म्हणून आपल्या महिला मंडळांनी आवाज उठवायला हवा. नैवेद्याच्या थाळीबद्दल आपण जेवढ्या दक्ष असतो तेवढ्या ओठांबद्दल नसतो.

आठातल्या तीन वस्तू पास झाल्या. मॉइश्चरायझर, गालांना लावायची रंगाची कांडी (तिच्यात मेण होतं ते कॅन्डेलिला झुडपाचं) आणि सनस्क्रीन. कानामागे एक दिवस लावून बघितलं आणि मग महावीर जयंतीच्या मिरवणुकीत तिन्ही लावून गेले. मॉइश्चरायझर आपल्या उन्हात लावूच नका, रात्रीसाठी ठेवा, दिवसा चेहरा नुसता ओघळतो. कांडी अर्ध्या वाटेत पदराला लागली. सनस्क्रीन मात्र छान. झिंक ऑक्साईडचं आहे, म्हणजे खनिज, सुरुवातीला चेहरा पिठात बुडवल्यासारखा पांढरा दिसतो, दहा मिनिटांत बसतं. दोन बोटं भरून घ्या, चिमूटभर लावून उपयोग नाही, आणि दोन-अडीच तासांनी परत लावा.

त्या चटईवर बसलेलो असताना सासूबाई एकदा हसल्या. म्हणाल्या, “माझ्या सासूच्या फणेरपेटीत मेणाची डबी असायची. कपाळाला आधी मेण, त्यावर कोरडं कुंकू. मीही लग्नानंतर कितीतरी वर्षं तसंच लावलं. ते मेण कुठून यायचं, आम्हीपण विचारलं नाही कधी.” मग जरा थांबून, “टिकलीची पाकिटं आली आणि डबी सुटली. धर्मानं नाही सुटली, सोयीनं सुटली.”

मी आपली या बोलण्यानं हलकी झाले होते, तोच त्यांचा दुसरा प्रश्न आला. “या तिन्ही चांगल्या. पण घरात आधीच किती आहेत?”

मोजल्या. लिपस्टिकच अकरा. त्यातल्या तीन उघडलेल्याही नाहीत. भोगोपभोग परिमाणात जेवणाच्या, वाहनाच्या, वस्त्रांच्या जोडीला अंगाला लावायच्या लेपांचीही मर्यादा घ्यायची असते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोज सकाळी गंधोदक कपाळाला आणि डोळ्यांना लावून घेते, आणि घरी येऊन अकरांतली कुठली लावू म्हणून आरशासमोर उभी राहते. सासूबाई म्हणाल्या, वर्षाला दोनच, असा नियम घे. मी तीनवर तोडजोड मागितली. त्या नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. खरं सांगते, नटायची हौस मला सोडायची नाहीये. पुतणीच्या लग्नात मी जुन्यातलीच, पैठण गेटवाली लाल लावणार आहे. भिंगाखालून गेलेली.

लेकीनं पुण्याहून आजीसाठी एक नवी नळी पाठवली आहे. खोबरेल तेल, कोकमाचं तूप आणि कॅन्डेलिलाचं मेण, खोक्यावर खराखुरा हिरवा ठिपका. मी यादी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली, सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतली. नळी जपमाळेशेजारी ठेवली आहे. पंधरा दिवस झाले, त्यांनी झाकण उघडलेलं नाही. ओठ पुन्हा फुटायला लागलेत. काल मी विचारलं, तर म्हणाल्या, “बघू. आज परत एकदा वाच.”