दिवा विझवून द्या, मामा!

मागच्या पावसाळ्यात एका रविवारी माझा भाचा नवी गाडी घेऊन दारात उभा राहिला. नवी म्हणजे त्याच्यासाठी नवी; गाडी सेकंडहँड. मागे आमची ताई, पुढे डाव्या बाजूला सूनबाई आणि तिच्या मांडीवर तीन वर्षांची मुलगी. पेढे हातात घेण्याआधी मी त्यावरूनच बोललो. पुढे एअरबॅग असते, तिथे लेकरू मांडीवर घेऊन बसू नये. लहान मुलाची वेगळी सीट बाजारात मिळते, ती मागे बसव म्हटले.

मी पिंपरीत मोटारींच्या वायरिंगचे काम करतो. भाचा म्हणाला, "मामा, गाडी झकास आहे. एअरबॅगचा दिवा तेवढा जात नाही. विझवून द्या. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला तीनशे रुपयांत विझवतो म्हणतो."

तीनशे रुपयांत काय करतात ते मला ठाऊक आहे, कारण ते मी स्वतः केले आहे.

चावी फिरवली की हा दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. तेवढ्यात गाडीचे कंट्रोल युनिट प्रत्येक एअरबॅगपर्यंत अगदी बारीक करंट पाठवून वाट धड आहे का ते पाहते. वाटेत दोन-तीन ओहमचा अडथळा असावा लागतो. तो फार वाढला किंवा वायर तुटली, तर दिवा पेटताच राहतो, आणि मग अपघातात एअरबॅग उघडेल याचा भरवसा नाही.

२०१४ साली मी एका शेठकडे कामाला होतो. अपघातातून आलेल्या एका गाडीला भंगारातली सीट बसवली होती. तिच्यात बाजूची एअरबॅगच नव्हती. खाली वायर नुसती लोंबत होती. शेठ म्हणाला, रेझिस्टर लाव. दोन-चार रुपयांची वस्तू. मी लावली, कंट्रोल युनिट फसले, दिवा विझला. दुसऱ्या दिवशी एक कुटुंब हार घालून ती गाडी घेऊन गेले. घरात माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती, नोकरी सोडणे परवडत नव्हते, हे खरे. पण ती चंदेरी गाडी आजही कुठेतरी धावत असेल.

भाच्याला एवढेच म्हटले, "दिवा विझवणार नाही. दोष शोधतो."

स्कॅनर लावला. डाव्या सीटच्या बाजूच्या एअरबॅगचा सर्किट, रेझिस्टन्स जास्त. चावी काढली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवली आणि दहा मिनिटे गाडीला हात लावला नाही. बॅटरी सुटली तरी युनिटमध्ये थोडा वेळ चार्ज उरतो. भाचा लगेच मल्टीमीटर घेऊन आला. तो मी हातातून काढून घेतला. एअरबॅगवर मीटर कधीच लावायचा नाही. मीटरच्या करंटनेही ती फुटू शकते.

सीटखाली डोकावलो तर छत्री, जेवणाचा डबा, पाण्याची बाटली असा संसार! त्याच्यामागे पिवळा कनेक्टर. एअरबॅगच्या वायरिंगला पिवळा रंग असतो तो सावध करण्यासाठीच. डबा आत-बाहेर करताना धक्के बसून त्याचे लॉक अर्धे सुटले होते. तरी खात्री हवी. कनेक्टर सोडवून एअरबॅगच्या जागी वायरला दोन ओहमचा रेझिस्टर जोडला, बॅटरी लावली, कोड पुसला. दिवा विझला. म्हणजे युनिटपासून सीटपर्यंतची वायर धड. पूर्वी ज्याने फसवले, तोच रेझिस्टर आता खरे सांगत होता.

भाचा आनंदाने म्हणाला, "झालं की मामा!"

"झालं नाही. अजून एअरबॅग बाहेरच आहे."

पुन्हा बॅटरी काढली, पुन्हा दहा मिनिटे. रेझिस्टर काढून खिशात टाकला. पिना स्वच्छ होत्या. कनेक्टर दाबला, टक् असा आवाज आला, लॉक बसले. वायर सीटच्या पट्टीपासून दूर बांधली. सगळ्यांना गाडीपासून लांब उभे करून बॅटरी जोडली. कोड पुसला, चावी फिरवली. दिवा लागला आणि आपोआप विझला.

मग माझे लक्ष कव्हरांकडे गेले. नवी, घट्ट, चारी बाजूंनी शिवलेली. ही एअरबॅग सीटच्या बाजूच्या शिवणीतून बाहेर येते. वर असे कव्हर असेल तर ती अडते. बाजूला एअरबॅगसाठी मोकळी जागा ठेवलेली कव्हरे वेगळी मिळतात.

"तीन हजारांची आहेत रे ती," ताई कळवळून म्हणाली.

सूनबाई काही बोलली नाही. तिनेच वाकून डाव्या सीटच्या कव्हराचे हुक सोडवायला सुरुवात केली. डबा आणि छत्री मी डिकीत ठेवली.