वऱ्हाडातले हसरे उत्तर

अमरावतीहून अकोल्याकडे निघावे, तर काळी जमीन दुतर्फा सोबत करते. कापसाने एके काळी या प्रांताला एवढी सुबत्ता दिली, की ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ अशी म्हणच रूढ झाली. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरून विश्वविक्रम करण्यात आला. घाई रस्त्याला, काठच्या पारावरची वडीलधारी माणसे आपल्याच चालीने बोलतात. चहासाठी थांबलात, तर त्यांच्याजवळ घटकाभर बसा.

‘आबाजी, तब्येत कशी हाये?’ असे विचारले, की उत्तर सहसा सरळ येत नाही. ‘गाडी जुनी झाली, पन चालून रायली बापा,’ अशा धर्तीचे काहीतरी ऐकू येते. अनेकांचे ते ब्रीदवाक्यच झालेले असते. या बोलीत ‘मला’चे ‘मले’ होते, ‘डोळा’ ‘डोया’ होतो आणि ‘बुढा’, ‘बुढी’ हे शब्द घरातल्या थोरांसाठी मायेनेही वापरले जातात. परगावच्या माणसाला त्यात उद्धटपणा वाटतो; तो तिथे नसतो.

या थट्टेत केवढे बळ आहे, हे गाडगेबाबांनी दाखवून दिले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी शेंडगाव येथे जन्मलेले आणि मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात आजोळी वाढलेले बाबा कीर्तनात श्रोत्यांना साधे प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. हसता हसता प्रत्येकाला स्वतःच्या घरातले कर्ज, दारू, अस्वच्छता दिसू लागे. अमरावतीत गाडगेनगरला त्यांची समाधी आहे. त्यांच्या दशसूत्री संदेशात रोग्याला औषधोपचार आणि दुःखी, निराश माणसाला हिंमत, अशी दोन्ही कर्तव्ये आहेत. वऱ्हाडी माणूस हिंमत विनोदातून मिळवतो. औषधोपचाराचे काम मात्र विनोदाने भागत नाही.

‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण ऐकून हसावे, आणि मग ज्येष्ठांच्या ताटाकडे पाहावे. दात गेले, की हरभरा, शेंगदाणे हळूच ताटाबाहेर जातात आणि त्यांच्याबरोबर प्रथिनेही. पुण्याकडे ज्याला पिठले म्हणतात ते इथे नुसते ‘बेसन’. त्यात भाकरी कुस्करून दिली, तर तोच हरभरा दातांवाचून पोटात जातो. ‘औषधावाचून खोकला गेला’ हेही खरे होते कधीकधी. मात्र दोन आठवडे उलटूनही तो न गेल्यास थुंकीची तपासणी करून घ्यावी.

मला खरी धास्ती वाटते ती ‘साठी, बुद्धी नाठी’ या म्हणीची. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर शरीरातील पाणी अधिकच घटते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणीच खारट, म्हणजे कमी पिण्याला आणखी एक निमित्त. अशा एखाद्या दुपारी कालपर्यंत नीट बोलणारे आजोबा एकाएकी भलतेच बोलू लागतात, घर ओळखत नाहीत. आणि घरचे म्हण उच्चारून हसतात. अचानक आलेला असा गोंधळ म्हणजे वार्धक्य नव्हे. त्यामागे उष्माघात, पाणी व क्षार कमी होणे, लघवीचा संसर्ग, रक्तातील साखर उतरणे किंवा पक्षाघातही असू शकतो. उद्यावर न ढकलता त्यांना तत्काळ रुग्णालयात न्यावे.

म्हणून उन्हाळ्यात ‘कसं काय?’ एवढेच विचारून उठू नका. ‘आबाजी, सकायपासून पानी किती झालं?’ असे नेमके विचारा. हृदयाच्या वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल, तर तेवढेच द्या. ‘मी का म्हैस हावो, दिसभर पानी प्याले?’ असे उत्तर आले, तर आपणही मनमोकळे हसा, आणि उशाचा तांब्या किती रिकामा झाला आहे ते पाहून घ्या.