घाटाखालची चूल

बुलढाणे जिल्ह्यात नव्या माणसाला आधी विचारतात, "घाटावरचे की घाटाखालचे?" जात, गोत, हुद्दा सारे मागाहून. मी घाटावरचा. मावशी घाटाखालची. गेल्या माघात तिच्याकडे निघालो, तो राजूर घाटाच्या वळणांवरच थंडी मागे राहिली. विदर्भातले थंड हवेचे ठिकाण म्हणून बुलढाण्याचा लौकिक. घाट उतरून मोताळ्याकडे आलो, की काळी जमीन, कपाशी आणि ऊन.

मावशीच्या अंगणात उपटलेल्या पऱ्हाट्यांची आणि तुराट्यांची रास लागली होती. घरात शिरताच डोळे चुरचुरले. चुलीवर ज्वारीची भाकरी फुगत होती आणि कोपऱ्यात गॅसची शेगडी धुऊनपुसून, वर रुमाल टाकून ठेवलेली!

"मावशी, गॅस संपला की काय?"

"हाय ना बाबू! पण तो मी पाव्हन्याच्या चहालेच पेटवतो."

चहा अर्थातच शेगडीवर झाला.

उज्ज्वला योजना 2016 साली निघाली, तीत मावशीला जोडणी मिळाली. 2023 च्या ऑक्टोबरापासून सिलिंडरमागे 300 रुपये केंद्राचे. 2024 साली राज्याने अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत जाहीर केले; 300 केंद्राचे, 530 राज्याचे. कागदावर हिशेब चोख बसतो. मी तो मावशीला मास्तरी थाटात समजावू लागलो. तिने भाकरी उलटली आणि म्हणाली, "समदं खरं. पण आंधी आपल्या पदरचे द्या लागते, मंग बँकेत येते. आंधीचे कुठून आनू?"

माझे व्याख्यान तिथेच आटोपले. पऱ्हाटीला आधी पैसे द्यावे लागत नाहीत. तिची किंमत मावशी खोकल्याने चुकवते.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला गाडीची वाट पाहत होतो. कोळशाच्या वाघिणींची लांबलचक माळ भुसावळकडे धडधडत गेली. तिकडे दीपनगरचे वीजकेंद्र आहे. या कोळशावर आपल्या देशाने 2010 साली टनामागे 50 रुपये उपकर बसवला. धुराला लावलेली ती आपली किंमतच. 2016 पर्यंत ती 400 झाली. पैसा स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून घेतला. 2017 मध्ये त्याच रकमेचा उपकर राज्यांच्या जीएसटी भरपाईकडे वळला. 2025 च्या सप्टेंबरात तो उठला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. कर कोळशावर असला, तरी वीजबिलाच्या वाटेने तो मावशीच्या एका दिव्यापर्यंत पोचतोच.

कॅनडात सरकारने 2019 पासून अनेक प्रांतांत इंधनावर असा कर घेतला आणि तोच पैसा बहुतांशी कुटुंबांना परत दिला; पुढे तर दर तिमाहीला. लोकांची कुरकूर तिथेही थांबली नाही. 2025 मध्ये तो करही गेला. पण त्यातली एक गोष्ट घेण्यासारखी वाटते: परतावा मिळावा म्हणून कुणाला आधी सिलिंडर विकत आणावे लागत नव्हते.

आपल्याकडे मदत नाही असे कोण म्हणेल? ती आहे, मात्र ती भाकरी भाजून झाल्यावर येते.

निघताना मावशीने हातावर दही घातले होते. "पुन्हा ये," म्हणाली, "तू आला म्हनजे गॅस पेटते."