भाड्याची खोली: आधी कागद, मग वीट, मग भाडेकरू

भाड्याने देण्यासाठी दोन-चार खोल्या बांधणाऱ्याला चार निर्णय घ्यावे लागतात: जागा कोणती, त्यावर बांधायचे काय, कर्ज किती काढायचे आणि ठेवायचे कोणाला. जागेचा निर्णय एकदा घेतला की फिरत नाही. बांधकाम फिरवता येते, पण पैसे मोडून. भाडेकरूचा निर्णय मात्र अकरा महिन्यांनी पुन्हा हातात येतो. नवखा माणूस नेमके उलटे करतो. प्लॉट एका दुपारी बघून इसार देतो आणि भाड्याच्या दोनशे रुपयांवरून महिनाभर घासाघीस करत बसतो. या धंद्यातले बहुतेक शहाणपण ही उलटी चाल सुलटी करण्यात आहे.

उदाहरण म्हणून दक्षिण सोलापूर तालुक्यातले वळसंग घ्या. ते सोलापूर–अक्कलकोट रस्त्यावर साधारण मध्यावर येते. रस्ता चौपदरी झाल्यापासून कडेच्या जमिनींना भाव आला आणि प्लॉट म्हणजे हमखास कमाई असा समज पसरला. पण जो रस्ता प्लॉटचा भाव वाढवतो तोच भाडेकरू पळवतो. शिक्षक, ग्रामसेवक, बँकेतला कारकून सोलापुरात बिऱ्हाड ठेवून मोटारसायकलवर ये-जा करतो. गावात राहणे ज्याला भागच आहे, त्याच्याच जोरावर भाडे मिळते. पाळीचे काम करणारा कामगार, पोलीस ठाण्यातला शिपाई, रात्रपाळीची नर्स, ठेकेदाराचे लोक आणि थोरल्या घरातून वेगळे निघालेले जोडपे हे खरे गिऱ्हाईक. बांधण्याआधी अशी माणसे गावात किती आहेत आणि आज ती कुठे राहतात हे मोजावे.

शेजारच्या गावात काय चालले आहे हेही पाहावे लागते. वळसंगहून सोलापूरकडे जाताना लागणाऱ्या कुंभारीत वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे, त्यामुळे विद्यार्थी आणि कर्मचारी तिकडेच खोली शोधतात. तिथेच विडी कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी रे नगर ही ३०,००० घरांची वसाहत उभी राहिली. तिच्यातल्या पहिल्या १५,००० घरांच्या किल्ल्या १९ जानेवारी २०२४ रोजी देण्यात आल्या. एवढी कुटुंबे स्वतःच्या घरात गेली की सगळ्यात स्वस्त पत्र्याच्या खोलीला या पट्ट्यात पूर्वीसारखी मागणी राहील असे धरून चालता येत नाही. स्वस्तातली रांग बांधण्यापेक्षा संडास-बाथरूम आत असलेल्या दोनच खोल्या नीट बांधणे हा जास्त सुरक्षित मार्ग ठरतो.

जागेच्या कागदांत गावठाण आणि गावठाणाबाहेरची जमीन हे दोन वेगळे विषय आहेत. गावठाणातल्या घराला ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा मिळतो. तो घरपट्टी कोणाच्या नावावर आकारली जाते एवढेच सांगतो, मालकी सिद्ध करत नाही. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी करून मिळकत पत्रिका देण्याचे काम हाती घेतले गेले. ही पत्रिका हातात असेल तर बँकही दाराशी उभे करते आणि भाऊबंदांचा वादही लवकर उघडा पडतो.

गावठाणाबाहेर सातबारा बघायचा तो ‘इतर हक्क’ या रकान्यापासून. सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वाटणीचा दावा तिथे सापडतो. जमीन वर्ग २ ची, इनामी किंवा वतनी असेल तर परवानगीवाचून विक्री पुढे अडकते. बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन नसलेला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा विकताना एक जुनी युक्ती वापरतात: दहा-बारा खरेदीदारांची नावे एकाच दस्तात घालायची, सातबाऱ्यावर सगळे सामाईक, आणि जमिनीवर चुन्याच्या रेघा. त्या रेघेला कागदावर किंमत नसते. अशा तुकड्यांना १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची अडचण येते. त्याचे नियम वेळोवेळी बदलत असल्याने व्यवहाराच्या दिवशी कोणता नियम आहे हे दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात विचारूनच इसार द्यावा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकणाऱ्या प्रकल्पाची महारेरा नोंदणी आहे का, हेही तपासावे.

बांधकामात या भागाला दोन गोष्टी हव्यात: पाणी आणि सावली. सोलापूर शहरातच नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येण्याची सवय लोकांना लागलेली आहे, म्हणून खोली बघायला आलेला माणूस भाड्याआधी पाणी किती दिवसांनी येते ते विचारतो. बोअर, हौद आणि वरची टाकी यांवर केलेला खर्च भाड्यातून थेट परत येतो. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा जाड थर ऊन अडवत असे. स्लॅबवर तेच काम पांढऱ्या रंगाने आणि चांगल्या वॉटरप्रूफिंगने करून घ्यावे लागते. खाली शहाबादी फरशी पुरते. महागड्या टाइल्सने भाडे वाढत नाही.

विजेचा मीटर लहान दिसला तरी भांडणाचे मूळ तोच असतो. तीन बिऱ्हाडे एका मीटरवर ठेवून आत सबमीटर बसवले की सगळ्यांचा वापर एकत्र मोजला जातो. वेगळ्या मीटरवर ज्या घराचा वापर शंभर युनिटांच्या आत राहिला असता त्यालाही वरच्या टप्प्याचा दर भरावा लागतो, आणि त्याचा राग मालकावर निघतो. प्रत्येक खोलीला स्वतंत्र दार आणि महावितरणचा स्वतंत्र मीटर घ्यावा. पुढची खोली दुकानाला दिली तर तिचा दर व्यापारी होतो, हेही आधीच धरावे.

कर्जाचा हिशेब कागदावर मांडला की बराच उत्साह जागेवर येतो. समजा, जमीन घरची आहे आणि दोन बिऱ्हाडांच्या बांधकामाला १० लाख लागले. प्रत्येकी ३,५०० रुपये भाडे धरले तर वर्षाचे ८४,००० होतात. प्रत्येक खोली वर्षातून एक महिना रिकामी धरली की ७७,००० उरतात. घरपट्टी, मोटार, रंग, गळती यांना १०,००० काढले की ६७,०००. सगळे १० लाख ९ टक्क्यांनी १५ वर्षांसाठी कर्जाऊ घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे १०,१४० रुपये, म्हणजे वर्षाला १ लाख २१ हजारांहून जास्त. दरवर्षी ५४,००० हून जास्त खिशातून घालावे लागतील. कर्ज ५ लाखच घेतले तर वर्षाचा हप्ता सुमारे ६१,००० होतो आणि भाडे तो कसाबसा पेलते. अशा गावात निदान निम्मा पैसा स्वतःचा असल्याशिवाय खोल्या स्वतःच्या पायावर उभ्या राहत नाहीत. प्लॉटचा भाव वाढेल ही आशा हप्ता भरत नाही.

भाडेकरू निवडताना पगार कुठून येतो, आधीची खोली का सोडली आणि किती दिवस राहणार, हे तीन प्रश्न पुरतात. चौथा प्रश्न बऱ्याच घरमालकांच्या तोंडी आधी येतो तो आडनावाचा. १९१७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बडोद्यात राहायला जागा मिळाली नाही ती याच प्रश्नामुळे. अन्याय तर आहेच, शिवाय ज्या गावात मुळात भाडेकरू मोजके तिथे जात-धर्म बघून दार लावणारा मालक स्वतःच रिकामे महिने वाढवून घेतो. भाडेकरूच्या ओळखपत्राची प्रत ठेवावी आणि त्याची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.

करार तोंडी ठेवू नये. सोलापूरसारख्या शहरात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याच्या कलम ५५ नुसार लेखी, नोंदणीकृत करार करण्याची जबाबदारी मालकावर आहे. करार नोंदलेला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. हा कायदा मात्र त्याच्या परिशिष्टांत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे. बाकी गावांत १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो, आणि महिन्याच्या भाडेपट्ट्याला साधारणपणे १५ दिवसांची नोटीस लागते. कुठेही असले तरी लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणे स्वस्त पडते. मुद्रांक शुल्क अकरा महिन्यांचे एकूण भाडे आणि अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेले व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के असते. ३,५०० रुपये भाड्याच्या खोलीला ते शंभराच्या आसपास येते. करारात अनामत कधी परत करायची, दुरुस्ती कोणी करायची आणि वीजबिल कोणी भरायचे, एवढे स्पष्ट लिहावे.

भाडे दरवर्षी थोडे वाढवावे, पण चांगला भाडेकरू दीडशे रुपयांसाठी घालवू नये. एक रिकामा महिना म्हणजे ३,५०० रुपये, आणि दीडशेची वाढ ते भरून काढायला जवळपास दोन वर्षे घेते. गळती पहिल्या पावसातच बंद करावी. एक ओली भिंत पुढच्या वर्षी रंग, प्लास्टर आणि भाडेकरू असे तिन्ही मागते.

सुरुवातीच्या चार निर्णयांपलीकडचा शेवटचा निर्णय वारसांचा असतो. खोल्या एकाच्या नावावर आणि पैसा तिघा भावांचा असेल तर पहिल्या पिढीतच वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र करून ठेवावे. घरपट्टी, वीज आणि मिळकत पत्रिका यांवर एकच नाव आणून ठेवले की विकायची वेळ आली तरी कागद तयार असतात, आणि ठेवायची ठरवली तरी भाडे कोणी गोळा करायचे यावरून घर फुटत नाही.